पद्मिनीचा सोलेक्स कार्ब्युरेटर: स्क्रू फिरवण्याआधी दोषाची जागा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी काही वर्षे उभी राहून पुन्हा रस्त्यावर आली आहे. सकाळी चोक ओढला की ती सुरू होते, पण गरम झाल्यावर सिग्नलला थांबताच बंद पडते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर क्षणभर अडखळते आणि मग उचलते. खंबाटकीच्या चढावर ती बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. बॉनेट उघडले की पेट्रोलचा वास येतो आणि अ‍ॅव्हरेज फार खाली आले आहे. गॅरेजमध्ये सोलेक्स बनावटीचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) धुऊन झाला, मिक्श्चरचा स्क्रू फिरवून झाला, मोठा मेन जेटही (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक असलेला भाग) टाकून झाला, तरी फरक पडलेला नाही. तेव्हा नवा कार्ब्युरेटर घ्यावा का, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे की इतक्यात नवा घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तक्रारी एका दोषाच्या नाहीत, निदान तीन निरनिराळ्या दोषांच्या आहेत, आणि त्यांतला एखादा तरी कार्ब्युरेटरच्या बाहेरचा असण्याची शक्यता मोठी आहे. दोष कोणता हे न ठरवता जेट आणि स्क्रू बदलत गेल्यामुळे मूळ दोष तसाच राहिला आणि त्यावर चुकीच्या सेटिंगचा आणखी एक थर चढला. म्हणून पहिली गोष्ट ही करा की जो मोठा जेट टाकला आहे तो काढून मूळ क्रमांकाचा जेट परत बसवा आणि पुढचे सगळे त्या पायावर तपासा.

सोलेक्समध्ये पेट्रोल इंजिनात जाण्याच्या वाटा वेगवेगळ्या असतात, आणि तक्रार कोणत्या वाटेवरची आहे हे ओळखले की निदानाचे निम्मे काम होते. गाडी स्लोवर, म्हणजे पाय न लावता इंजिन संथ चालू ठेवून, उभी असताना थ्रॉटलचे बटरफ्लाय (आत जाणारा प्रवाह कमी-जास्त करणारी गोल झडप) जवळजवळ मिटलेले असते, आणि पेट्रोल पायलट जेटमधून येऊन बटरफ्लायच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आत जाते. त्या छिद्रावर मिक्श्चरचा स्क्रू असतो. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की बटरफ्लायच्या कडेजवळची आणखी एक-दोन छिद्रे उघडी पडतात, ज्यांना प्रोग्रेशन होल म्हणतात. एकदम दाबला तर कार्ब्युरेटरमधल्याच छोट्या पंपाचा डायफ्राम (लवचिक पडदा) पेट्रोलची एक धार वेंच्युरीत, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद भागात, सोडतो. वेग वाढल्यावर, वेंच्युरीतून जाणाऱ्या हवेचा ओढा पुरेसा झाला की मेन जेटची वाट चालू होते, आणि वरच्या वेगात पेट्रोलचे प्रमाण वाजवीपेक्षा वाढू नये म्हणून एअर करेक्शन जेट त्यात हवा मिसळत राहतो. या सगळ्या वाटा एकाच फ्लोट चेंबरमधून (पेट्रोलचा छोटा साठा, ज्याची पातळी तरंगता फ्लोट राखतो) पेट्रोल घेतात. म्हणून स्लोची तक्रार मेन जेट बदलून जात नाही, पिकअपची तक्रार मिक्श्चर स्क्रूने जात नाही, आणि फ्लोट चेंबरमधली पातळी चुकली असेल तर कोणत्याच वाटेचे काम धड होत नाही.

दुसरी लक्षात ठेवण्याची बाब म्हणजे पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाच्या चारही सिलिंडरांना एकच कार्ब्युरेटर पेट्रोल देतो. त्यामुळे कार्ब्युरेटरचा दोष चारही प्लगांवर सारखाच दिसायला हवा. चारही प्लग काढून क्रमाने एका फडक्यावर मांडा. चारही कोरड्या काजळीने काळे असतील तर पेट्रोल जास्त जात आहे. तीन बरे आणि एकच काळा असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. त्या सिलिंडरचा प्लग, वायर, टॅपेट (व्हॉल्व्हजवळचे अंतर) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहा. एकच प्लग पांढराफटक असेल तर त्या सिलिंडरच्या बाजूला मॅनिफोल्डचे (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचे) पॅकिंग हवा घेत असण्याचा संशय धरा. प्लगाचा रंग विटकरी-तपकिरी असावा हा जुना नियम शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला आहे. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर निरोगी इंजिनाचा प्लगही फिकटच दिसतो, त्यामुळे केवळ फिकट रंगावरून जेट वाढवण्याचा निर्णय घेऊ नये.

कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन, टॅपेट आणि इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) या तीन गोष्टी ठीक आहेत याची खात्री व्हायलाच हवी. चार सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर स्लो कधीही सारखा लागणार नाही, मग ट्युनिंग करणारा कितीही कुशल असो. टॅपेट पुस्तिकेतील मापाने, पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानालाच लावा. सीबी पॉइंटचे (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणाऱ्या संपर्काचे) अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान येते. ते आधी लावायचे आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, नंतर, कारण पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंग आपोआप सरकते. डिस्ट्रिब्युटरमधली (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागातली) वजने उभ्या गाडीत गंजून अडकली असतील तर वेग वाढूनही टायमिंग पुढे जात नाही, आणि गाडी ओढत नाही म्हणून दोष मात्र मेन जेटवर जातो. रोटर हाताने फिरण्याच्या दिशेने किंचित वळवून सोडा. तो स्प्रिंगच्या जोरावर मागे आला पाहिजे.

यांतील सर्वांत फसवा भाग कंडेन्सरचा आणि कॉइलचा आहे. बिघडले तरी दोन्ही थंड असताना चांगले चालतात आणि गरम झाल्यावर ठिणगी अशक्त करतात, त्यामुळे घाटात बंद पडून अर्ध्या तासाने सुरू होणारी गाडी पेट्रोलची तक्रार सांगते आहे की इग्निशनची, हे लक्षणावरून कळत नाही. ते त्याच क्षणी, गाडी बंद पडलेली असतानाच तपासावे लागते. एक जादा प्लग गाडीत ठेवा. बंद पडल्याबरोबर कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून काढून त्या प्लगाला लावा, प्लगाचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. मात्र पेट्रोल सांडलेले असेल किंवा वास येत असेल तर ही परीक्षा करू नका. निळी, कडक ठिणगी पडत असेल तर इग्निशन निर्दोष. मग एअर फिल्टर काढून वेंच्युरीत पाहात अ‍ॅक्सिलरेटरची कांडी हाताने ओढा. पंपाची धार पडली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, पडली नाही तर चेंबर कोरडा आहे किंवा पंपाचा डायफ्राम गेलेला आहे.

यानंतर येते ते एअर घेणे, म्हणजे फटींतून नको असलेली हवा आत शिरणे. जुन्या कार्ब्युरेटरच्या बाबतीत माझा पहिला संशय नेहमी इथे असतो. कार्ब्युरेटरच्या खालच्या फ्लँजचे (मॅनिफोल्डवर बसणाऱ्या सपाट कडेचे) दोन नट वर्षानुवर्षे वाजवीपेक्षा जास्त आवळले गेले की जस्ताच्या मिश्रधातूचे ते अंग दोन्ही टोकांना वाकते आणि मधून हवा शिरते. त्यावर उपाय म्हणून पॅकिंगवर पॅकिंग चढवले जाते आणि नट आणखी आवळले जातात. फ्लँज पोलादी पट्टीला टेकवून फिलर गेजने फट बघा. फट असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथरून, हात सरळ ठेवून, फ्लँज सपाट होईपर्यंत घासा आणि एकच नवे पॅकिंग घाला. थ्रॉटल शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली हलवून पाहा. जाणवण्याइतका खेळ असेल तर शाफ्टच्या दोन्ही बाजूंनी हवा आत जाते, आणि तीही दर वेळी वेगळ्या प्रमाणात, त्यामुळे आज लावलेला स्लो उद्या टिकत नाही. हे काम चांगल्या लेथवाल्याचे आहे: भोके सरळ रेषेत मोठी करून पितळी बुश ठोकायचे आणि शाफ्ट नवा घालायचा. बटरफ्लायचे दोन छोटे स्क्रू मागून फुलवलेले असतात. ते काढल्यावर नवेच घाला आणि पुन्हा फुलवून पक्के करा, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

एअर कुठून घेते हे शोधण्यासाठी अनेक जण चालू इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डशेजारी हे करणे म्हणजे आगीला बोलावणे आहे, आणि मी ते कोणालाही करू देत नाही. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये साधे पाणी घेऊन फ्लँज, शाफ्टची टोके आणि मॅनिफोल्डचे सांधे यांवर थेंब-थेंब सोडा. जिथे गळती आहे तिथे पाणी ओढले जाते आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधला हवेचा ओढा मोजणारे) मिळाले तर फारच उत्तम. मॅनिफोल्डला लावलेले गेज समुद्रसपाटीला निरोगी इंजिनाच्या स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते आणि दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी होते; म्हणजे पुण्यात दोनेक इंच कमी दिसले तर तो दोष नव्हे. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर एअर किंवा मागे राहिलेले टायमिंग, ठरावीक तालात झटके देत असेल तर व्हॉल्व्ह किंवा एखादा प्लग, आणि सावकाश वर-खाली तरंगत असेल तर मिक्श्चर, अशी त्याची भाषा आहे.

आता पेट्रोलच्या वासाकडे आणि घटलेल्या अ‍ॅव्हरेजकडे येऊ. तुमच्या वर्णनातली मला सर्वांत काळजीची वाटणारी तक्रार हीच आहे. प्रथम ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, पातळी वाढलेली दिसते आणि अशा ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंगे जातात. वास आला तर गाडी चालवणे थांबवा, पंप दुरुस्त करा आणि ऑइल बदला, मगच पुढचे बघा.

पंप ठीक असेल तर वरचे झाकण उघडून फ्लोट बाहेर काढा. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरा; बारीक भोक असेल तर बुडबुडे येतात. कानाजवळ हलवून आत पेट्रोल खळखळते का हेही ऐका. नीडल व्हॉल्व्हच्या (चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणाऱ्या सुईसारख्या झडपेच्या) टोकावर खाचेची गोल रेघ दिसली तर व्हॉल्व्ह बदला. चेंबरमधली पातळी सोलेक्समध्ये नीडल व्हॉल्व्हच्या खालच्या वॉशरच्या जाडीने ठरते, ही गोष्ट फार थोडे मेकॅनिक ध्यानात ठेवतात. व्हॉल्व्ह झाकणातून खाली लोंबतो, त्यामुळे वॉशर जाड केला की तो फ्लोटच्या जवळ येतो, लवकर मिटतो आणि पातळी खाली जाते. वॉशर पातळ झाला किंवा बसवताना राहूनच गेला तर पातळी चढते. साफसफाईच्या वेळी जुना फायबरचा वॉशर फेकून हाती लागला तो घातला, एवढ्यानेच पातळी बदलते. पातळी चढलेली असेल तर पेट्रोल सगळ्या वाटांनी वाजवीपेक्षा जास्त जाते, चढावर आणि खड्ड्यात ते मेनच्या नळीतून नुसते सांडते, आणि वास येतो. तुमच्या कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेला नमुना पाहून पुस्तिकेतील पातळी मिळवा आणि वॉशरने ती लावा. मूळ नमुन्यात फ्लोटची पट्टी वाकवून पातळी लावण्याची सोय नसेल तर ती वाकवू नका.

अंगावर ३२ पीबीआयसी असे लिहिले असेल तर आणखी एक जागा तपासायची आहे. या कार्ब्युरेटरला नेहमीचा, वरच्या तोंडावर मिटणारा चोक नसतो. डॅशबोर्डची खुंटी ओढल्यावर बाजूची एक चपटी तबकडी फिरते आणि थंड इंजिनासाठी पेट्रोल व हवेची एक वेगळी वाट उघडते. खुंटी पूर्ण आत ढकलली तरी केबल ताणलेली असेल, किंवा तबकडीच्या पृष्ठभागावर ओरखडे असतील, तर ही वाट कधीच पूर्ण बंद होत नाही आणि गरम इंजिनाला सतत जादा पेट्रोल मिळत राहते. सकाळी छान सुरू होणारी आणि गरम झाल्यावर सिग्नलला गुदमरणारी गाडी हे याचे नमुनेदार लक्षण आहे. केबलला दोन मिलिमीटरचा ढिलेपणा ठेवा, आणि तबकडी फ्लँजसारखीच काचेवर घासून सपाट करा.

साफ करताना प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्या आणि प्रत्येक जेटवरचा क्रमांक लिहून ठेवा. सोलेक्सच्या जेटवरचा क्रमांक म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात; १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. हे भोक कारखान्यात अतिशय काटेकोरपणे केलेले असते, म्हणून त्यात तार, सुई किंवा ड्रिल कधीही घालू नये. क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने फुंकावे. दुर्दैवाने आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या जेटांतून तार फिरून गेलेली असते आणि क्रमांक तोच राहिला तरी भोक मोठे झालेले असते. भिंगातून पाहिल्यावर कडा ओबडधोबड दिसल्या तर तो जेट बाजूला काढा. हवा मारण्याआधी पंपाचा डायफ्राम आणि फ्लोट काढलेले असावेत, आणि प्लास्टिकचे व रबराचे भाग क्लीनरमध्ये बुडवू नयेत. एअर करेक्शन जेटच्या खाली असलेली इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी छिद्रांची नळी) काढून तिची आडवी छिद्रे मोकळी झाल्याचे बघा. बाहेरून स्वच्छ चकाकणारा कार्ब्युरेटर आतून चोंदलेला असण्याचे कारण बहुधा ही ट्यूब किंवा पायलट जेट असते.

एवढे झाल्यावर स्लो लावायचा. इंजिन पूर्ण गरम, चोकची खुंटी पूर्ण आत, एअर फिल्टर जागेवर, दिवे बंद. मिक्श्चरचा स्क्रू अगदी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्या, कारण जोराने आवळला तर त्याचे टोक आणि बसण्याची जागा दोन्ही खराब होतात, आणि तेथून दीड फेरा बाहेर काढा. थ्रॉटल स्टॉपच्या स्क्रूने (थ्रॉटल किती मिटावे हे ठरवणाऱ्या) इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास आणा. मग मिक्श्चरचा स्क्रू थोडा थोडा आत घ्या, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर काढा, ते जड होऊन हलायला लागेपर्यंत. आणि या दोन टोकांच्या मधली, जिथे इंजिन सर्वांत वेगात आणि सर्वांत सारखे चालते, ती जागा पकडा. वेग वाढला असेल तो थ्रॉटल स्टॉपने उतरवा आणि मिक्श्चर पुन्हा एकदा तपासा. प्रत्येक बदलानंतर इंजिनाला काही सेकंद स्थिर होऊ द्या.

या स्क्रूला गॅरेजमध्ये सरसकट हवेचा स्क्रू म्हणतात आणि त्यातून एक नुकसानकारक गोंधळ होतो. अनेक मोटरसायकलींच्या कार्ब्युरेटरवर खरोखरच हवेचा स्क्रू असतो. तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि आत घेतला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होते. पद्मिनीच्या सोलेक्सवरचा स्क्रू थ्रॉटलच्या इंजिनाकडच्या बाजूला आहे. तो पेट्रोल-हवेचे तयार मिश्रण सोडतो, म्हणून आत घेतला की मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. दुचाकींवर हात बसलेला मेकॅनिक गाडी जास्त पेट्रोल पीत आहे म्हणून स्क्रू बाहेर काढतो आणि ती आणखी पिऊ लागते.

स्क्रू पूर्ण आत टेकवूनही इंजिन बंद पडत नसेल तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत आहे: चढलेली पातळी, न मिटणारी चोकची तबकडी, किंवा थ्रॉटल स्टॉप इतका आत की प्रोग्रेशनची छिद्रे स्लोवरच उघडी पडली आहेत. याउलट स्क्रू तीन-चार फेरे बाहेर काढावा लागत असेल तर पायलट जेट चोंदला आहे किंवा कार्ब्युरेटर एअर घेतो आहे. अशा वेळी स्क्रूशी झगडत बसू नका. ज्या कारणाने तो निकामी झाला आहे ते आधी दूर करा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबताच येणारे अडखळणे दोन जागी असते. इंजिन बंद ठेवून वेंच्युरीत पाहात थ्रॉटल उघडा. पंपाची धार त्याच क्षणी, अखंड आणि बारीक पडली पाहिजे. उशिरा पडत असेल तर डायफ्राम ताठ झाला आहे किंवा पंपाची परतझडप अडकली आहे. धार चांगली असेल आणि अगदी हळू दाबल्यावरच गाडी अडखळत असेल, तर प्रोग्रेशनची छिद्रे चोंदली आहेत. मधल्या वेगातले मिश्रण पाहायचे असेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास गाडी स्थिर ठेवा आणि चोक किंचित ओढा: गाडी सुधारली तर मिश्रण आधी पातळ होते, आणखी बिघडली तर ते आधीच दाट होते. खर्च न येणारी ही परीक्षा जेट बदलण्याआधी प्रत्येकाने करावी.

घाटाचे गणित वेगळे आहे. इग्निशन निर्दोष ठरले आणि चेंबर कोरडा आढळला तर आधी टाकीचे झाकण उघडा. फुस्स आवाज येऊन गाडी सुरू झाली तर टाकीचे हवेचे छिद्र बंद आहे. तसे नसेल तर पेट्रोल पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो आहे. पंपावर ओले फडके ठेवल्याने गाडी सुरू झाली तर निदान पक्के. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या, कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक जाड स्पेसर जागेवर आहे का ते बघा, आणि त्याआधी रेडिएटर आतून साफ आहे याची खात्री करा, कारण मूळ दोष पुष्कळदा तिथेच असतो. चढ संपवून थांबल्यावर दहा मिनिटांनी गाडी सुरू होत नसेल तर मात्र उलटे झालेले असते: चेंबरमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेले असते. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि स्टार्टर मारा. वारंवार पंप केल्यास दर दाबाला आणखी पेट्रोल आत जाते. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, हवेची घनता बारा टक्क्यांनी कमी असल्याने मिश्रण थोडे दाट होणारच. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी सेटिंगला हात लावू नये.

इथेनॉलबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आपल्याकडे पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्रास मिळते. पद्मिनीच्या काळचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. जुना पाइप बाहेरून धड दिसतो आणि आतून सुटून त्याचे कण नीडल व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. व्हॉल्व्ह मिटत नाही, आणि पुन्हा तोच वास. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे, एसएई जे३० आर९ दर्जाचे घाला, पारदर्शक फिल्टर बसवा, आणि पंपाचे व कार्ब्युरेटरचे डायफ्राम त्याच कसोटीवर निवडा. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपात येणारा पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे चेंबर रिकामा होईल.

या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी शुद्ध पेट्रोलच्या मानाने हवा कमी लागते, म्हणजेच त्याच जेटवर मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ पडते. जेटमधून जाणारे पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने १२५ च्या जागी १३० घातला तर ते सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. तेव्हा एक पायरी मोठा जेट घालण्यामागे तर्क आहे, पण तो सगळ्यात शेवटी, वरची चोकची परीक्षा मिश्रण पातळ असल्याचे सांगत असेल तरच. तुमच्या गाडीत तो सुरुवातीला, पेट्रोल आधीच सांडत असताना टाकला गेला.

राहिला नव्या कार्ब्युरेटरचा प्रश्न. बाजारात मिळणाऱ्या नकली कार्ब्युरेटरांच्या जेटवरचे क्रमांक मी भरवशाचे मानत नाही, आणि त्यांचे फ्लँज नवे असतानाच सपाट नसलेले पाहिले आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटल्यापासून टॅक्सीतून काढलेले कार्ब्युरेटर अधूनमधून विकायला येतात. त्यांतले बरेच वर्षानुवर्षे सीएनजीवर चालले आहेत: आतले डायफ्राम पेट्रोलविना वाळलेले, आणि थ्रॉटल मात्र रोजच्या वापराने झिजलेला, कारण सीएनजीवरही तोच थ्रॉटल काम करतो. असा घ्यायचाच असेल तर शाफ्टचा खेळ आणि फ्लँजची सपाटी दुकानातच तपासा. तुमच्या स्वतःच्या कार्ब्युरेटरचे अंग तडकलेले नसेल आणि स्क्रूंचे आटे शाबूत असतील, तर लेथवाल्याचे बुश, नवे डायफ्राम, नवा नीडल व्हॉल्व्ह आणि मूळ क्रमांकाचे जेट यांवर खर्च करा. जो दुकानदार दुरुस्तीच्या किटमधला वॉशर किती जाडीचा आहे हे मोजून सांगू शकतो, त्याच्याकडूनच किट घ्या.